'आराम हवा तर स्कूटर घ्या' : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे आणि मला ती आवडली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ज्यांची गाडी मुख्यतः रस्त्यावरच पळणार आहे, त्यांनी लिटर क्लासच्या (म्हणजे हजार सीसीच्या आसपासच्या) सुपरस्पोर्टकडे, रेसच्या धर्तीवर बनवलेल्या गाडीकडे, जाण्याआधी सुझुकी हायाबुसा, कावासाकी निंजा ११००एसएक्स किंवा यामाहा आर९ चालवून बघावी. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे. हा म्हातारपणाचा सल्ला आहे. आराम हवा तर माणसाने सरळ स्कूटर घ्यावी. भरवशाची काळजी जुन्या काळातली. आता सगळ्याच गाड्या भरवशाच्या झाल्यात. इटालियन गाड्यांबद्दल माझ्या मनात आकस आहे. आणि शेवटी आव्हान : 'माझं मन होंडाच्या फायरब्लेडवर बसलंय, ती का घेऊ नये याचं एक तरी तांत्रिक कारण द्या.'

स्कूटरचं सोडून देऊ. सुरुवात शेवटच्या आव्हानापासून करतो, कारण बाकीची बरीच उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

२०२० मध्ये आलेल्या सीबीआर१०००आरआर-आर फायरब्लेडचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिलिमीटर आहे. दुकाटी पानिगाले व्ही४चाही ८१. मोटोजीपी या जागतिक रेसिंग स्पर्धेच्या १००० सीसीच्या नियमांत बोअरची कमाल मर्यादा ८१ आहे आणि दोन्ही कंपन्यांनी तो आकडा आपापल्या रेसच्या गाडीवरून उचलला. गंमत म्हणजे हायाबुसाचा बोअरही ८१च आहे, आणि तोही १९९९ पासून, जेव्हा तिचा रेसच्या नियमांशी काही संबंध नव्हता. तर पिस्टनचा व्यास तिघींचा सारखा, फरक पडतो तो स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली जेवढं अंतर जातो त्यात. फायरब्लेडचा ४८.५ मिलिमीटर, पानिगालेचा ५३.५, हायाबुसाचा ६५.

स्ट्रोक आखूड असला की एका फेऱ्यात पिस्टनला कमी अंतर कापावं लागतं, म्हणून इंजिन जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) झेपवू शकतं. आणि पॉवर म्हणजे अखेर टॉर्क (इंजिनाचं फिरवण्याचं बळ) गुणिले आरपीएम. फायरब्लेडचे २१७ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच पॉवरचं एकक) असेच येतात, १४,५०० आरपीएमला. तिचा टॉर्क मात्र ११३ न्यूटन मीटर आहे आणि तो मिळतो १२,५०० ला. आता निंजा बघा. कावासाकीने जुन्या १०४३ सीसी इंजिनचा बोअर ७७ तसाच ठेवला आणि स्ट्रोक ५६ वरून ५९ केला. पॉवर १४२ वरून १३६ पीएसवर उतरली. टॉर्क झाला ११३ न्यूटन मीटर, तोही ७,६०० ला. म्हणजे फायरब्लेडचाच आकडा, जवळजवळ ५,००० आरपीएम आधी. हायाबुसा तर ७,००० ला १५० देते.

यावर तुम्ही म्हणाल की गिअरिंगने ही तूट भरून निघते. तत्त्वतः बरोबर आहे. जास्त फिरणाऱ्या इंजिनाला आखूड गिअरिंग, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल असे गिअर, दिलं तर चाकावर तेवढंच बळ पोचेल. पण लिटर क्लासच्या गाडीला आखूड गिअरिंग देत नाहीत. तिचे गिअर ट्रॅकच्या वेगासाठी लांब ठेवलेले असतात. पहिल्याच गिअरमध्ये ती दीडशेच्या आसपास जाते! तुम्ही रस्त्यावर ताशी ६० ते १२० च्या पट्ट्यात असता तेव्हा ते इंजिन त्याच्या आरपीएमच्या आवाक्याच्या खालच्या भागात रेंगाळत असतं. ज्या २१७ पीएससाठी पैसे मोजले ते तिथे नसतातच, आणि जिथे असतात तिथे रस्त्यावर जाण्याचं धाडस तुम्ही करू नये. हे झालं तुमचं तांत्रिक कारण. गाडी वाईट असल्याचं हे कारण नाही, तिचं घर दुसरीकडे असल्याचं आहे.

सुझुकीने २०२१ मध्ये हायाबुसा नव्याने काढली तेव्हा पॉवर १९७ वरून १९० पीएसवर आणली. उत्सर्जनाचे नियम हे त्यामागचं एक कारण होतंच, पण मधल्या आरपीएमची ओढ वाढवली गेली आणि वेग आपोआप कायम राखणारा क्रूझ कंट्रोलही आला. त्या वेळी आकड्यांवरून बरीच आदळआपट झाली होती. मला वाटतं, गिऱ्हाईक खरोखर कोणत्या आरपीएममध्ये राहतं हे सुझुकीला नीट कळलं होतं. यामाहाचा युरोपातला निर्णयही लक्षात घ्या. त्यांच्या सुपरस्पोर्टपैकी आर६ तिथे २०२१ पासून आणि आर१ २०२५ पासून फक्त ट्रॅकसाठी उरली, आणि रस्त्यासाठी आली ८९० सीसीची तीन सिलिंडरची आर९. तिची पॉवर १२० पीएसला जरा कमी आहे. तिला 'छोटी' म्हणणाऱ्यांनी वळणावळणाच्या रस्त्यावर तिच्या मागे लागून बघावं.

आता भरवसा. 'आता सगळ्याच गाड्या भरवशाच्या' हे अर्धंच खरं आहे. २०१५ च्या आर१चा गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरच्या दोषामुळे रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून, बदलून द्यावा लागला होता, आणि त्या नावामागे रेसिंगची केवढी परंपरा आहे! उलट माझ्याच म्हणण्याला छेद देणारा एक आकडाही सांगून टाकतो. आर१चा व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनात हवा घेणाऱ्या-सोडणाऱ्या झडपांपाशी ठेवायची बारीक फट), म्हणजे आपल्या मेकॅनिकच्या भाषेत टॅपेट, ४० हजार किलोमीटरच्या आसपास तपासायचा असतो. हायाबुसाचा २४ हजारला. कागदावर आर१ जास्त निवांत दिसते. म्हणून नुसता सर्व्हिसचा आकडा बघून भरवसा ठरवू नये असं मी पुन्हा म्हणेन.

मग ठरवायचा कशावरून? गाडी आणि तिचा वापर एकमेकांना किती मानवतात यावरून. लांब पहिला गिअर असलेली गाडी रोज गर्दीत रांगत चालवली की क्लच अर्धा दाबून ठेवावाच लागतो, आणि क्लचप्लेटा लवकर जातात. रेडिएटरला वारा मिळत नाही, पंखा सतत फिरत राहतो, बॅटरीवर ताण येतो आणि कमी आरपीएमला चार्जिंगही बेताचंच असतं. इंजिन फुटून रस्त्यात अडकलेला स्वार मी अजून पाहिलेला नाही. रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीकडे जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) जळून अडकलेले मात्र बरेच भेटतात. बऱ्याच गाड्यांत तो शंट प्रकारचा असतो. म्हणजे स्टेटरमधून, इंजिनावर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या गुंडाळीतून, आलेली जादा वीज तो शॉर्ट करतो, त्यात तो स्वतः तापतो आणि स्टेटरही तापवतो. त्यात सीटखाली, वारा न पोचणाऱ्या जागी बसवलेला असला की त्याचं आयुष्य कमीच. एकाच मॉडेलची गाडी मोकळ्या रस्त्यावर वर्षानुवर्षं तक्रार करत नाही आणि गर्दीत दर मोसमाला काहीतरी काढते, त्यामागे बहुतेकदा हीच उष्णता असते.

इटालियन आकसाबद्दल. दुकाटीच्या डेस्मो पद्धतीत व्हॉल्व्ह उघडण्याचं काम कॅम (दांड्यावरचा फिरता उंचवटा) करतोच, बंद करण्याचं कामही कॅमच करतो, स्प्रिंग नव्हे. फार उंच आरपीएमला स्प्रिंग मागे पडण्याची भीती यात राहत नाही. बदल्यात प्रत्येक व्हॉल्व्हची दोन-दोन क्लिअरन्स सांभाळावी लागतात, आणि पानिगाले व्ही४ला ते काम २४ हजार किलोमीटरला निघतं. मला त्या यंत्रणेचं कौतुकच आहे. पण दुकाटीने स्वतः काय केलं? लांब पल्ल्याच्या मल्टिस्ट्राडा व्ही४साठी डेस्मो सोडून साधी स्प्रिंग घेतली आणि व्हॉल्व्ह तपासणी ६० हजारांवर नेली. गाडी थांबल्यावर मागचे दोन सिलिंडर बंद करण्याची सोयही केली, कारण ते थेट स्वाराच्या मांड्यांखाली तापतात. २०२५ च्या पानिगाले व्ही२मध्येही डेस्मो नाही. ८९० सीसी, १२० हॉर्सपॉवर, तपासणी ३० हजारला. मी जे लिहिलं तेच दुकाटीच्या, म्हणजे बोलोन्याच्या, इंजिनिअरांनी लोखंडात करून दाखवलंय. आकस असेल तर त्यांनाही आहे म्हणायचं.

राहिला आराम. इथे आपला मतभेद खरा आहे, म्हणून जरा नीट सांगतो. आराम म्हणजे गुबगुबीत सीट नव्हे. सुपरस्पोर्टचे क्लिप-ऑन (हँडलचे दोन सुटे दांडे) खाली, पाय मागे आणि वर. धड पुढे झुकलेलं. ही बैठक वेगात बिनचूक आहे, कारण छातीवर आदळणारा वारा तुमचं वजन उचलून धरतो आणि मनगटं मोकळी राहतात. वेग कमी झाला की तो टेका जातो आणि सगळा भार तळहातांवर येतो. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं ते तिथल्या नसेवर दाब आल्यामुळे. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरून, पोटाच्या स्नायूंवर धड तोललं तर पुष्कळ फरक पडतो, आणि तरुण, व्यायाम करणाऱ्या माणसाला ते जमतंही. पण किती तास?

आणि थकलेला स्वार हळू असतो. ब्रेक उशिरा लावतो, नजर पुढच्या वळणाऐवजी समोरच्या चाकापाशी ठेवतो, वळणात रुंद जातो. दिवसाच्या शेवटच्या तासात जी गाडी तुम्हाला ताजं ठेवते ती त्या तासात जास्त वेगवान आहे, मग स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात काहीही छापलेलं असो. त्यामुळे कामगिरी एका पारड्यात आणि आराम दुसऱ्यात, ही मांडणीच मला पटत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य : हायाबुसा जड आहे. २६४ किलो म्हणजे फायरब्लेडपेक्षा ६० हून जास्त. पार्किंगमध्ये ती उलटी ढकलताना जाणवते आणि घट्ट वळणात एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घेतानाही जाणवते. सीट ८०० मिलिमीटरवर असल्याने पाय टेकतात, पण हँडल तसं लांबच आहे. बुटक्या धडाच्या माणसाला ती वाटते तेवढी आरामदायी नाही. लांब, मोकळे रस्ते नसतील तर मी तिचा आग्रह धरणार नाही. तुम्ही वळणांचा उल्लेख ज्या प्रेमाने केलाय त्यावरून तुम्हाला ती मानवेल असं वाटतही नाही. तुमच्यासाठी पहिली आर९, मग निंजा.

आणि फायरब्लेड? ट्रॅकवर नियमित जाण्याची सोय असेल तर बिनधास्त घ्या, मी अडवणारा कोण. नसेल तरी, मन बसलंय म्हणताय तर निदान टेस्ट राइड नीट करा. मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटं चालवून सगळ्याच गाड्या आवडतात. इंजिन पूर्ण तापू द्या, गर्दीत चालवा, यू-टर्न घ्या, स्वतःचं जाकीट आणि हेल्मेट घालून मान वर करून आरशात मागचं दिसतंय का ते बघा. जुनी घेणार असाल तर ती ट्रॅकवर पळालीय का ते शोधा. ऑइल ड्रेन बोल्टला सेफ्टी वायरसाठी (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेसाठी) पाडलेलं छिद्र असेल तर मालक काहीही सांगो, ती बहुतेक पळालेली आहे. त्याने गाडी बाद होत नाही, उलट असे लोक ऑइल वेळेवर बदलतात, पण गाडीचा इतिहास कळायला हवा. घेतल्यावर सगळ्यात आधी तुमच्या वजनाप्रमाणे सस्पेन्शनचा सॅग (तुम्ही बसल्यावर ते जेवढं दबतं ते अंतर) लावून घ्या, रस्त्यासाठी ३० ते ३५ मिलिमीटर. अर्ध्या लोकांची 'सीट कडक आहे' ही तक्रार खरं तर स्प्रिंगची असते.

आर९ चालवलीत तर इथेच कळवा. तिचं पुढचं सस्पेन्शन फायरब्लेडच्या तुलनेत तुम्हाला कसं वाटतं, हे मला खरंच वाचायचंय.