शेरिफकडे घोडा असतो का?

न्यू जर्सीत घर घेतलं की माणसावर एकदम चार जणांचं राज्य सुरू होतं, वॉशिंग्टन, मग ट्रेंटनचं राज्य सरकार, मग काउंटी, मग टाऊनशिप म्हणजे इथली नगरपालिका, आणि शाळेचं बोर्ड वेगळं धरलं तर पाच. यातल्या बाकी सगळ्यांशी आपली ओळख असते कारण ते सारखं काहीतरी मागत असतात. काउंटी बिचारी गप्प. फॉर्म भरताना पत्त्याखाली एक रकाना येतो तेवढाच तिचा नि माझा संबंध. आणि आमच्या चौथीतल्या कन्येला पोस्टर नेमकं तिच्यावरच करायचं होतं, सोमवारपर्यंत, आणि हे मला कळलं शनिवारी संध्याकाळी.

त्यात घरात आई आलेली. आई साताऱ्याकडे झेडपीच्या शाळेत शिकवायची, रिटायर झाली तरी आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जातो.

"काउंटी म्हणजे जिल्हा. झालं. यात समजावण्यासारखं काय आहे?" आई म्हणाली आणि सूत्रं हातात घेतली.

म्हटलं बरंय, घे. पण पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. आईने विचारलं, इथले कलेक्टर कुठे बसतात? मी म्हटलं कलेक्टर नसतात, कमिशनर असतात, काउंटीप्रमाणे तीन ते नऊ, तीन तीन वर्षांसाठी निवडून येतात. पाच काउंट्यांत त्यांच्याशिवाय एक एक्झिक्युटिव्ह पण निवडून देतात, बाकी ठिकाणी बहुतेक कमिशनरांचं बोर्डच एखादा ॲडमिनिस्ट्रेटर नेमतं. आई म्हणाली, "म्हणजे मुख्य कोण ते नक्की नाही." मी म्हटलं तसं नाही गं, पण मुलगी तोवर लिहून मोकळी झाली होती की आमच्या काउंटीत मुख्य कोणी नाही. खोडरबर शोधण्यात पंधरा मिनिटं गेली.

मग आईचा खरा जिव्हाळ्याचा प्रश्न आला. शिक्षकांच्या बदल्या कोण करतं? मी सांगितलं की शाळांचं बोर्ड वेगळं, त्याची निवडणूक वेगळी, काउंटीकडे आपल्या गावातल्या शाळा नसतातच, फार तर काउंटीचं कॉलेज आणि व्होकेशनल शाळा. आणि शिक्षक एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये राहिल्यावर गडचिरोलीला पाठवायची सोय नाही. आई बराच वेळ काही बोललीच नाही. ज्या जिल्ह्याला बदल्या करता येत नाहीत त्याला जिल्हा म्हणायचं का, हा तिच्या दृष्टीने तत्त्वाचा प्रश्न होता.

धाकटा पहिलीत आहे. त्याला या सगळ्यात फक्त शेरिफमध्ये रस. शेरिफकडे घोडा असतो का? मी त्याला समजावलं की इथला शेरिफ निवडून येतो हे खरं, पण त्याची माणसं मुख्यतः कोर्टाची सुरक्षा बघतात, कैद्यांची ने-आण करतात, नोटिसा बजावतात, आणि घराचं कर्ज थकलं की लिलाव करतात, गावातली चोरी बिरी पकडायला टाऊनशिपचे पोलीस असतात. लिलाव ऐकून पोराचा चेहरा पडला. आईला दया आली, म्हणाली, अरे मुंबईला पण शेरिफ असायचे, नुसते मानाचे, सुनील गावसकर होते एकदा.

"गावसकरकडे घोडा होता?"

आता काय सांगणार.

सरोगेट हे पद मी हळूच वगळणार होतो पण मुलीने वेबसाइटवरून ते शोधून काढलंच आणि मोठ्याने वाचलं. आईने पोथी बाजूला ठेवली. "हे असलं निवडणुकीत?" मला घाईघाईने सांगावं लागलं की बाई तसं काही नाही, हे मृत्युपत्राचं ऑफिस आहे, वारल्यावर कागदपत्रं तिथे जातात, एकवीसच्या एकवीस काउंट्यांत हा माणूस पाच वर्षांसाठी निवडून येतो, दत्तकाचं कामही तिथेच. मृत्युपत्रासाठी मतदान! भारतात कुणाला सांगितलं तर वाटेल मी थापा मारतोय.

टाऊनशिप आणि काउंटी यातला फरक समजवायला नकाशा काढला. जवळ एडिसन आहे आणि एडिसनच्या बरोबर मधोमध मटचन नावाचं वेगळं गाव, चारी बाजूंनी एडिसन, पण महापौर वेगळा, कौन्सिल वेगळं, पोलीस वेगळे. मेदुवड्याचं भोक समजा, वडा एकाचा भोक दुसऱ्याचं, आणि ते अख्खं ताट मिडलसेक्स काउंटीचं, त्यात अशी पंचवीस गावं. मुलांना हे पटकन कळलं, आईला मात्र पटलं नाही. आपले पुणे आणि सातारा जिल्हे जोडले तरी अख्ख्या न्यू जर्सीपेक्षा मोठे भरतात, आणि या एवढ्याशा जागेत ५६४ नगरपालिका. "एवढे महापौर ठेवता कुठे?"

रस्त्यांचं त्यातल्या त्यात सोपं आहे कारण पाट्या असतात. निळा पंचकोन आणि पिवळे आकडे दिसले की रस्ता काउंटीचा, काळ्या चौकोनात पांढरा गोल असला की राज्याचा, काहीच नसलं तर बहुतेक गावाचा. रविवारी भाजीला जाताना मुलांनी हाच खेळ केला, आई मागून प्रत्येक खड्ड्याला मालक विचारत होती. खड्ड्यात गेल्यावर आधी पाटी वाचायची, मग फोन कुठे करायचा ते ठरवायचं, ही पद्धत तिला आवडली. आपल्याकडे पीडब्ल्यूडी, झेडपी आणि ग्रामपंचायत एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा निदान पाटी तरी नसते ना.

पैशाचं सांगितल्यावर तर तिला काउंटीबद्दल आदरच वाटायला लागला. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल टाऊनशिप पाठवते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे चार हप्ते, त्यातला मोठा घास शाळांचा, एक वाटा काउंटीचा, पण काउंटी स्वतः दारात येत नाही, टाऊनशिपच गोळा करून तिला पोचवते. "शहाणी आहे," आई म्हणाली, "शिव्या एकीला, पैसे दुसरीला."

पोस्टरवर सगळ्यात मोठं चित्र मात्र डासाचं आलं. कारण इथे डास मारणं हे काउंटीचं काम आहे, १९१२ पासून त्यासाठी कायदा आहे, माणसं सापळे लावतात, डबक्यातल्या अळ्या तपासतात, कुठल्या जातीचा डास ते बघतात. शेरिफच्या लिलावाने खचलेला धाकटा इथे परत उभा राहिला, मोठेपणी मी हेच करणार म्हणाला. माझ्या इंजिनिअर होण्यावर ज्या आईने दागिने मोडले तिने त्याला लगेच आशीर्वाद दिला, सरकारी नोकरी आहे म्हणून.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं, पण काउंटीच्या कमिशनरांच्या मीटिंगला कोणीही जाऊ शकतं असं माझ्या तोंडून निघून गेलं. गेलो. सगळे. आई नऊवारीवर जॅकेट घालून. चहा नाही, सभात्याग नाही, टेबलावर कोणी हात आपटला नाही, ठराव वाचले, हो हो म्हटलं, पुढचा ठराव. आई हिरमुसली. मग पब्लिक कॉमेंट सुरू झालं आणि तिने पर्समधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. प्रश्न लिहून आणला होता! माईकवर जाऊन नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, परत सांगितलं, पत्ता सांगितला, आणि विचारलं की आमच्या कॉलनीतून देवळाच्या कोपऱ्यापर्यंत फूटपाथ इतका उखडलेला का, म्हाताऱ्या माणसांनी चालायचं कुठून.

समोरच्या बाईंनी फार प्रेमाने सांगितलं की हा विषय टाऊनशिपचा आहे, आणि तिथेसुद्धा घरासमोरचा फूटपाथ नीट ठेवणं हे सहसा घरमालकाचंच काम असतं.

खाली आलो तर आईला भाषांतराची गरज पडली नव्हती. ती माझ्याकडे, वर्गात गृहपाठ न आणणाऱ्याकडे बघायची तशी बघत होती. आणि कन्येने फाइल उघडून पोस्टरच्या चार्टमध्ये टाऊनशिपच्या खाली अजून एक चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, बाबा.