रेणूत मोजून भरलेलं गंधक फिल्ममध्ये मोजून उतरत नाही

थिन फिल्मवर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या अतिपातळ थरावर, काम करणाऱ्यांमध्ये एक दावा इतक्यांदा पुढे सरकवला गेलाय की आता तो कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. दावा साधारण असा: ‘धातू आणि गंधक एकाच रेणूत, हव्या त्या प्रमाणात बांधा. फिल्ममध्ये तेच प्रमाण उतरतं, बाहेरून गंधक द्यावं लागत नाही. रेणू जितका सहज उडणारा, तितका चांगला. दोन वेगवेगळे स्रोत वापरणं ही जुनी पद्धत झाली. आणि टीजीएत (पदार्थ तापवत त्याचं वजन मोजण्याच्या चाचणीत) उरलेलं वजन हिशेबाशी जुळलं, की प्रिकर्सर, म्हणजे फिल्म ज्यापासून बनते तो रेणू, सिद्ध.’ मॉलिब्डेनम डायसल्फाइड, टिन डायसल्फाइड अशा थराथरांच्या सल्फाइडांबाबत तर हे मंत्रासारखं म्हटलं जातं.

यातलं खरं आधी मान्य करून टाकतो. सिंगल-सोर्स, म्हणजे धातू आणि गंधक दोन्ही पुरवणारा एकच रेणू वापरला तर हायड्रोजन सल्फाइडसारख्या विषारी वायूचा सिलिंडर टाळता येतो, आणि दोन वायू वाटेतच एकमेकांना भिडून भुकटी होण्याचा धोकाही कमी होतो. हे फायदे मोठे आहेत. पण दावा इथे थांबत नाही.

प्रमाणाचं बघू. टिन टेट्राथायोफेनोलेट घ्या. मध्ये टिन, त्याला चार गंधक, प्रत्येक गंधकावर एक फिनाइल वलय. ऑक्सिजनचा अणू औषधालाही नाही. दाव्याप्रमाणे यातून सल्फाइड यायलाच हवं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात या रेणूच्या द्रावणाचा तुषार करून तापलेल्या पृष्ठभागावर सोडला, तेव्हा हायड्रोजन सल्फाइडशिवाय मिळाला तो टिनचा ऑक्साइड! हायड्रोजन सल्फाइड सोबत दिल्यावर सल्फाइड आलं. तेही ४५० अंश सेल्सिअसला मुख्यतः डायसल्फाइड, आणि ५०० अंशांना मोनोसल्फाइडचा वरचष्मा. रेणू तोच, पन्नास अंशांत फिल्म पालटली. टिन डायसल्फाइड तापत गेलं की गंधक सोडत मोनोसल्फाइडकडे झुकतं. ते तापमानाचं आणि भोवतीच्या गंधकाच्या दाबाचं ऐकतं. रेणूच्या सूत्रात आपण काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आता याच्या शेजारी टर्शरी-ब्युटाइल थायोलेट ठेवा; थायोलेट म्हणजे गंधकातून धातूला जोडलेला कार्बनी गट. मॉलिब्डेनमभोवती असे चार लिगँड (धातूला जोडलेले गट) असलेल्या रेणूपासून आणि त्याच्या टायटॅनियमच्या भावंडापासून डायसल्फाइडच्या फिल्म बनवल्याचं काम १९९७ चं आहे, तापमान ११० ते ३५० अंश. इथेही धातूमागे गंधक चारच, टिनच्या रेणूइतकेच. मग हा का जमला? कारण टर्शरी-ब्युटाइल गटाला निघून जायला सोपी वाट आहे. त्याच्या कडेच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन सुटतो, गट आयसोब्युटीन वायू होऊन निघतो आणि गंधक धातूपाशीच राहतं. सुटलेला हायड्रोजन शेजारच्या थायोलेटला मिळतो आणि तो थायॉल होऊन उडतो. हिशेब मांडला तर चारपैकी दोन गंधक फिल्ममध्ये, दोन वायूत. म्हणजे यशस्वी उदाहरणातसुद्धा रेणूतलं प्रमाण फिल्ममध्ये उतरलेलं नाही. फिनाइल वलयाला ही वाट बंद आहे. त्याचा गंधकाशी बंध घट्ट, त्यामुळे वलय जाताना गंधकालाही सोबत ओढायला बघतं.

प्रिकर्सर बेतणं म्हणजे माझ्या मते ही बाहेरची वाट बेतणं. झँथेट या दुसऱ्या गंधकवाल्या लिगँडांमध्ये ती आणखी स्पष्ट दिसते. १८९९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगायेव यांनी दाखवलेली विघटनाची तऱ्हा इथे कामी येते: तापवलं की कार्बनची साखळी अल्कीन होऊन सुटते, सोबत कार्बोनिल सल्फाइड जातो. पण त्यासाठी साखळीतल्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रोजन लागतो. इथाइल झँथेटमध्ये तो आहे; मिथाइल झँथेटमध्ये दुसरा कार्बनच नाही. एका कार्बनाने दार उघडतं किंवा बंद होतं.

उडण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. तुषाराच्या पद्धतीत रेणू विरघळला की पुरे, तो उडला नाही तरी चालतं; डायथायोकार्बामेटं हे गंधकवाले रेणू तसेच वापरतात. आणि जिथे उडणं लागतंच, तिथे प्रश्न असतो तो बाष्पीभवनाचं तापमान आणि विघटनाचं तापमान यांत अंतर किती याचा. भांड्यातच मोडणारा रेणू निरुपयोगी, आणि पृष्ठभागावरून न मोडता पुढे निघून जाणाराही तेवढाच.

दोन स्रोत जुने झाले? २०१५ साली चार इंची वेफरभर जेमतेम तीन अणूंच्या जाडीची मॉलिब्डेनम डायसल्फाइड फिल्म वाढवून दाखवली गेली, ती मॉलिब्डेनम हेक्साकार्बोनिल आणि डायइथाइल सल्फाइड अशा दोन वेगळ्या स्रोतांतून. ५५० अंश, २६ तास. वेळ लागला, पण दोन्ही प्रवाह वेगवेगळे आवळता-सोडता आले. अणुथर निक्षेपणात, म्हणजे एएलडीत, तर दोन स्रोत हवेतच. तिथे धातूच्या रेणूने पृष्ठभागावर एकदा चिकटून थांबायचं असतं. स्वतःहून मोडणारा रेणू तिथे थांबतच नाही, फिल्म बेलगाम वाढते. सिंगल-सोर्समध्ये जो गुण, तोच इथे दोष.

राहिला टीजीएचा पुरावा, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. टिनचं डायइथाइल डायथायोकार्बामेट, रेणूभार साधारण ४१५. मोनोसल्फाइड उरलं तर ३६.३ टक्के वजन उरायला हवं. आलेखाची रेघ बरोब्बर तिथे येऊन आडवी झाली. नोंदवहीत ‘शुद्ध मोनोसल्फाइड’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग बशी काढली, तर तळाशी फिकी, पांढुरकी पूड. टिन मोनोसल्फाइड गडद असतं. नायट्रोजनच्या नळीत गळती होती आणि समोर बसला होता टिन डायऑक्साइड. त्याचा रेणूभार १५०.७, मोनोसल्फाइडचा १५०.८! एका गंधकाचं वजन ३२, दोन ऑक्सिजनचंही ३२. टीजीएला हा फरक कळण्याचा प्रश्नच नाही, त्याच्यासाठी दोन्ही ३६.३ टक्केच.

मॉलिब्डेनमवाल्यांचा हा घोळ टळतो, तर त्यांच्यासाठी दुसरा तयार असतो. ईडीएक्समध्ये (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचं प्रमाण काढणाऱ्या चाचणीत) ‘एकास दोन’ प्रमाण आलं म्हणून निश्चिंत व्हायचं, आणि गंधकाचं शिखर २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, मॉलिब्डेनमचं २.२९ ला. साध्या डिटेक्टरला ती दोन्ही एकच दिसतात. त्यातून प्रमाण काढणं हा बराचसा सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. एक्सपीएस (पृष्ठभागावरच्या अणूंची रासायनिक अवस्था सांगणारी चाचणी) करा, निदान रामन (विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारी चाचणी) तरी. आणि रामन केलंत तर आलेख ५०० प्रति सेंटिमीटरवर कापू नका. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची ३८३ आणि ४०८ ची दोन देखणी शिखरं अलीकडेच असतात हे खरं, पण लिगँडमधून मागे राहिलेला कार्बन १३५० आणि १५८० च्या आसपास बसलेला असतो.