त्या टक्केवारीच्या पिरॅमिडबद्दल खुलासा

फोंड्यातल्या आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तो रंगीत पिरॅमिड आलाय, वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, बघितलेलं 30, करून बघितलेलं 90, आणि खाली नाव एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं. प्लीज हे पुढे पाठवू नका. डेलनी 1946 साली शिकण्याच्या अनुभवांचं शंकूच्या आकाराचं चित्र काढलं होतं हे खरं, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती, आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. आणि बघा ना, सगळे आकडे कसे गोल गोल, खऱ्या प्रयोगातून असे येतात का?

याचा अर्थ चित्रं काढू नका असा मुळीच नाही हां! खाजन शेतीतली, म्हणजे भरती-ओहोटीच्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतली, मानस (बांधातलं पाण्याचं दार) मी वर्गात दोन तास नुसती बोलून शिकवली तरी पोरांच्या डोक्यात शिरेना, मग फळ्यावर भरतीचं पाणी नदीकडून दार ढकलून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी तेच दार उघडून बाहेर पडतं, असे दोन बाण काढले, लगेच कळलं. तिथे चित्र चाललं कारण पाण्याची दिशा दाखवायची होती. खाजनाची देखभाल कोणी करायची, त्याचे नियम काय, हे मात्र बोलूनच सांगावं लागलं.