स्वयंसेवेने बर्नआउट बरा होत नाही

‘मेडिटेशन ॲप निरुपयोगी ठरले, स्वयंसेवेने मात्र बर्नआउट बरा होतो, हे ऑक्सफर्डने सिद्ध केले आहे, तेव्हा सीएसआरचे उपक्रम शनिवारी ठेवा’ असा संदेश एचआर मंडळींमध्ये सध्या जोरात फिरतो आहे. (बर्नआउट म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाणे; सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायची कामे.)

आधी ‘सिद्ध केले’ याविषयी. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावर आधारलेला आहे. ॲप किंवा ताणव्यवस्थापनाचे वर्ग यांत भाग घेणारे इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत नव्हते आणि स्वयंसेवा हा त्याला अपवाद दिसला, एवढे खरे. पण सर्वेक्षणात संबंध दिसतो, कारण कळत नाही; ज्याच्या अंगात आठवड्याअखेरीस त्राण उरते तोच झाडे लावायला जातो, ही शक्यता तशीच राहते. शिवाय कर्मचाऱ्याला बदलण्याऐवजी कामाची पद्धत बदला, हा फ्लेमिंग यांचा मुख्य आग्रह संदेशातून नेमका गळला आहे, आणि मला तेच सर्वांत गंभीर वाटते.

‘बरा होतो’ हेही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. तीन माणसांचे काम एकाच्या गळ्यात असेल, तर शाळेची भिंत रंगवून ते कमी होत नाही.

शनिवारच्या सल्ल्याचा परिणाम तर उघड दिसतो: सकाळी बस, सगळ्यांना एकच टी-शर्ट, बॅनरपुढे फोटो, परतताना मांडीवर लॅपटॉप उघडून शुक्रवारचे राहिलेले काम, कॉम्प-ऑफ म्हणजे बदली सुट्टी नाही, आणि न आलेल्याची अप्रेझलच्या वेळी आठवण. स्वतःहून दर आठवड्याला मुलांना शिकवायला जाणाऱ्याला मिळणारे समाधान खरे असते. अशा सक्तीतून ते मिळणार नाही.

कायद्याचा आधारही इथे लागू होत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची असते. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात कर्मचाऱ्यांच्या सहभागाला प्रोत्साहन दिले आहे, पण त्यांनी विनामूल्य दिलेल्या सेवेचे पैशांत मोल करून ते सीएसआर खर्चात धरता येत नाही. म्हणजे सुट्टीचा दिवस घेतल्याने कंपनीची ती जबाबदारी एका रुपयानेही कमी होत नाही. उपक्रम कामाच्या वेळेत ठेवावा, त्या आठवड्याची डेडलाइन तेवढी पुढे न्यावी आणि नकार देणाऱ्याची नोंद कुठेही करू नये.