तू सांगितलास म्हणून पाहिला

आमच्या घराण्यात लग्नाचं स्थळ सुचवणाऱ्यावर जेवढी जबाबदारी पडते, तेवढीच सिनेमा सुचवणाऱ्यावर पडते. मुलगा चांगला निघाला तर श्रेय त्याच्या आईच्या संस्कारांना. घोरतो असं कळलं, की 'हे स्थळ आणलं कुणी होतं?' सिनेमाचंही तेच. आवडला तर दिग्दर्शक भारी. नाही आवडला तर मी.

हे पद मी मागितलं नव्हतं. लग्नाआधी एका उन्हाळ्यात पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम केला होता, एवढाच माझा गुन्हा. त्यातलं आता तिथलं आंब्याचं झाड तेवढं ठळक आठवतं. तिथले विद्यार्थी त्याला विस्डम ट्री म्हणतात. त्याखाली बसून मी बहुतेक वेळ चहा प्यायले. पण सासरी पाऊल टाकल्या टाकल्या नवऱ्यानं जाहीर केलं, "हिला सिनेमातलं कळतं." झालं. तेव्हापासून शुक्रवार संध्याकाळ उजाडली, की फॅमिली ग्रुपवर माझ्या नावानं पुकारा होतो.

सगळे विचारतात 'कसा आहे?' एवढंच, पण जाणून घ्यायचं असतं प्रत्येकाला निराळं. मावशींना हवं असतं, की सगळ्यांना एकत्र बसून बघता येईल ना, म्हणजे मध्येच कुणाला पाणी प्यायला उठावं लागणार नाही ना. जावेला शेवट गोड हवा. दीर विचारतो, "पैसे वसूल का?" त्याचे पैसे मुळात कधी गेलेलेच नसतात, तो मेव्हण्याच्या पासवर्डवर बघतो. आणि सासूबाई हळूच, भाजी निवडता निवडता, "कुणी मरत नाही ना गं?"

आता एका सिनेमाबद्दल या सगळ्यांना पुरेल असं मत कुठून आणायचं? मी 'वेगळा आहे' म्हणते. 'वेगळा' म्हटलं की दीर तो बघत नाही, तेवढंच एक कमी.

'कोर्ट'च्या वेळी मात्र सुटका नव्हती. 2015 सालची गोष्ट. सिनेमाला सुवर्णकमळ मिळालेलं, मराठी माणसाचा ऊर भरून आलेला, त्यामुळे अख्खं कुटुंब माझ्या भरवशावर डोंबिवलीहून निघालं. एका लोकशाहिरावर खटला, आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेनं कॅमेरा ठेवलाय तो ठेवलाय. माणसं येतात, जातात, तारखा पडतात, कॅमेरा जागचा हलत नाही. आमचे काका (चुलत सासरे, बँकेतून निवृत्त) थोड्या वेळानं माझ्या कानाशी आले, "यांचा कॅमेरावाला जेवायला गेलाय का?"

शेवटाला कोर्टाची खोली रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो, पडदा काळाकुट्ट. काका उठले. त्यांच्यामागे आमची रांग उठली, पुढचीही उठली, पिशव्या शोधल्या गेल्या, चपला चाचपल्या गेल्या. आणि पडद्यावर लख्ख उजेड! न्यायाधीशसाहेब सहलीला गेलेले. सगळे पुन्हा खाली बसले. साहेब बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एका पोराच्या कानाखाली ठेवून देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. सिनेमा संपला. आता मात्र कुणी उठेना. एकदा फसलेली माणसं.

"आणि निकाल?" काकांनी जिन्यातच मला गाठलं.

निकाल लागत नाही हाच सिनेमा आहे, हे जिन्यात उभं राहून, मागून लोक ढकलत असताना, कसं सांगणार? त्यातून मला तर न्यायाधीश डोक्यातच नव्हता. मला ती सरकारी वकीलबाई दिसत होती. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात त्या म्हाताऱ्या शाहिरावर यांत्रिकपणे कलमं वाचते आणि मग लोकलनं घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. वाईट बाई नाहीच ती. आमच्या लेडीज डब्यात माझ्याशेजारी बसून मटार सोलणारी कुणीही. ते बघताना मला घाम फुटला होता. हे मत मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं, "वेगळा होता."

'फँड्री'ला तर याहून वाईट झालं. जब्या दगड उचलतो, भिरकावतो आणि तो दगड सरळ आपल्या तोंडावर येतो, पडदा काळा. असा दगड खाऊन माणूस दोन मिनिटं तरी गप्प बसेल की नाही? आमचा दीर पार्किंगची पावती शोधत म्हणाला, "गाणी कमी पडली, नाही?"

पण सगळ्यात जड गेला तो 'द डिसायपल'. 2021, एप्रिलअखेर, सगळे घरात कोंडलेले, ग्रुपवर वाफाऱ्यांचे उपाय नाहीतर सिनेमे. मी लिहिलं, शास्त्रीय संगीतावरचा आहे, व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालंय, काकांनी जरूर बघावा. काका तरुणपणी गाणं शिकायचे. पेटी अजून आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

दोन दिवस फोन नाही. काकांचा फोन येत नाही म्हणजे त्या काळात काळजीच. काकूंना केला तर त्या म्हणाल्या, "बरे आहेत. बोलत नाहीयेत." तिसऱ्या दिवशी स्वतः फोनवर आले आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता विचारलं, "तू मुद्दाम सांगितलास ना मला?"

त्या सिनेमात शरद नेरुळकर नावाचा मुलगा इमानदारीनं रियाज करतो, गुरूंची सेवा करतो, रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलवर जाताना कानात माईंची, म्हणजे गुरूंच्या गुरूंची, ध्वनिमुद्रित शिकवण ऐकतो, आणि एवढं करून त्याला गाणं येत नाही. म्हणजे येतं. पण 'तसं' येत नाही. सिनेमे हरणाऱ्याला शेवटच्या रिळात जिंकवतात, ही काकांची जन्मभराची समजूत. मी काय बोलणार? म्हटलं, "काका, माईंचा आवाज कसा वाटला?"

"कोण आहेत त्या? कुठल्या घराण्याच्या?"

"सुमित्रा भावे."

"सिनेमे काढणाऱ्या? 'अस्तु'वाल्या?" काका विश्वासच ठेवेनात. सिनेमा घराघरांत पोचण्याच्या थोडेच दिवस आधी त्या गेल्या होत्या. मग आम्ही बराच वेळ त्या आवाजाबद्दलच बोललो. 'कसा होता' हा विषय राहूनच गेला. मला विचाराल तर सिनेमावरचं आमच्या घरात झालेलं ते एकमेव धड बोलणं. पण पेटीवरचे कपडे काही हलले नाहीत, हेही सांगायला हवं.

माहितीपटांचं प्रकरण अजून अवघड. "म्हणजे गोष्ट नाही?" इथूनच सुरुवात. काकांच्या पिढीचं मी समजू शकते. त्यांना थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट सक्तीनं बघावे लागले आहेत: धरण, खत, पूरग्रस्तांची पाहणी. ती मंडळी ते चुकवायला मुद्दाम उशिरा जात. पण बाकीच्यांनी काय म्हणून कंटाळावं? दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली, कुंडीतला वाटाणा उगवताना रोज थोडा थोडा चित्रित केला होता. 'अंकुराची वाढ'. अंकुर फुटतो, वेल होतो, एवढीच स्टोरी. तो बघून लोकांनी फाळक्यांना भांडवल दिलं! भारतीय सिनेमाचा धंदा एका वाटाण्यावर उभा राहिलेला असताना आमचा दीर मला म्हणतो, "स्लो आहे गं."

'द एलिफंट व्हिस्परर्स' सगळ्यांनी पाहिला, कारण ऑस्कर मिळालं आणि चाळीसेक मिनिटांत आटपतो. त्यावर दीर, "एवढ्यातच संपला?"

या सगळ्यात खरा प्रेक्षक निघाल्या त्या सासूबाई, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मूळच्या मालवणच्या. 'माय ऑक्टोपस टीचर' मी त्यांच्यासाठी लावलाच नव्हता. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. पहिली दहा मिनिटं, "हे आमच्या माकलांसारखंच दिसतंय, कालवण होतं का याचं?" मग पायजमा शार्कनं त्या ऑक्टोपस मादीचा एक हात तोडला तेव्हा लसणाची परडी बाजूला गेली. हात पुन्हा फुटला तेव्हा टाळी. शेवटी ती अंडी घालून, खाणंपिणं सोडून, बिळात बसून झिजते. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि विचारलं, "आणि हिचा घोव कुठे उलथलाय?"

हा प्रश्न जगातल्या एकाही समीक्षकानं विचारल्याचं मी वाचलेलं नाही.

मग मी धीर करून 'ऑल दॅट ब्रीद्स' लावला. दिल्लीचे दोन भाऊ, तळघरात साबणाच्या डिस्पेन्सरचा कारखाना, आणि तिथेच जखमी घारींवर उपचार. पक्ष्यांच्या दवाखान्यानं घार मांसाहारी म्हणून परत पाठवली, तेव्हा सासूबाई उसळल्या, "मग काय घारीनं भाजीपोळी खायची?" त्या भावांच्या मदतनीस पोराचा चष्मा घार झडप घालून घेऊन जाते, तिथे हसून हसून ठसका लागला. धुरानं भरलेलं आकाश दिसलं की मात्र गप्प व्हायच्या, आणि मधूनच आमच्या खिडकीबाहेर बघायच्या. एकदाही 'पुढे काय' विचारलं नाही.

आता सोसायटीच्या बाकावर सासूबाई मतं देतात. घारींचा सिनेमा त्यांनी अख्ख्या बी विंगला सुचवला. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या, चेहरा पडलेला. मला तो चेहरा चांगला ओळखीचा.

"तुम्ही सांगितलात म्हणून पाहिला हो," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "काही होतच नाही त्यात."

मी आतून घाईघाईनं म्हणणार होते की थोडा वेगळा आहे. पण सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "बघताना हातात मोबाईल होता ना?"

काकू काही बोलल्या नाहीत.

"मग पुन्हा बघा," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.