निंबोळी अर्क आणि फळमाशी : एक खुलासा

खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील बागायतदारांच्या मोबाईलवर सध्या ‘५ टक्के निंबोळी अर्क फवारा, आंब्या-पेरूच्या आतल्या अळ्या मरून पडतील’ असा संदेश फिरत आहे. तो बरोबर नाही. फळमाशी सालीखाली अंडी घालते आणि अळी गरातच वाढते, त्यामुळे सालीवर बसलेला अर्क तिच्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. टाचणीने टोचल्यासारखा डाग दिसलेला पेरू कापून पाहिला, तर हे कोणालाही पटेल. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन या घटकाचा उपयोग माशीला अंडी घालण्यापासून परावृत्त करण्यासाठी आहे, तोही डंख होण्यापूर्वी, म्हणजे माशीने अंडी घालण्यासाठी फळाला टोचण्यापूर्वी. शिवाय ते उन्हात लवकर निष्प्रभ होत असल्याने फवारणी संध्याकाळी करून ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते.

निपाणीकडे हाताशी असलेल्या तंबाखूचा काढाही ‘झाडपाल्याचाच’ म्हणून सुचवला जातो, पण निकोटीन माणसालाही विषारी आहे.

मिथाइल युजेनॉल या नर माश्यांना खेचणाऱ्या गंधद्रव्याच्या सापळ्यात फक्त नर अडकतात, आणि त्यात मॅलॅथिऑन हे रासायनिक कीटकनाशक घातले तर बाग सेंद्रिय म्हणवणे कठीण. गळलेल्या फळातून बाहेर पडून अळी मातीत कोषावस्थेत जाते. म्हणून गळलेली फळे रोज वेचून नष्ट करणे, हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही.