विडी वळणाऱ्या अक्काला पाप लागतं का?

कॅथलिक चर्चची नीतिशिकवण म्हटली की आपल्याकडे गर्भपात, गर्भनिरोधक आणि दयामरण एवढेच विषय निघतात. त्यांवर चर्च जे सांगतं ते मला मान्य आहे आणि आज त्यावर वाद घालायचा नाही. पण दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारे आपण सोलापूरकर कॅथलिक, मजुरीबद्दल हीच शिकवण काय म्हणते याचा साधा उच्चारही करत नाही, हे मला फार दिवस खुपतंय.

चर्चच्या परंपरेत काही पापं 'स्वर्गाकडे आक्रोश करणारी' मानली आहेत. बायबलमध्ये काइनानं भाऊ हाबेलचा खून केला, ते त्यातलं पहिलं. मजुरावरचा अन्याय त्याच यादीत आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा 5 वा अध्याय काढून वाचा. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच तिथे ओरडते आहे.

आता पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत दुपारी जा. उंबऱ्याशी बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतील. तेंदूची भिजवलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्रीनं तेवढा तुकडा कापायचा, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचा, टोक दुमडून दोरा बांधायचा. अशा विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, करून कारखान्याच्या ब्रँचवर न्यायचे. तिथे तपासणारा बसतो. त्याला न आवडलेल्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला पडतात आणि त्यांची मजुरी कापली जाते. मालकानं दिलेली पानं खराब निघाली, कमी पडली, तर बाई पदरच्या पैशानं पानं आणून हजार विड्यांचा हिशेब पुरा करते. घरात तंबाखूचा वास चोवीस तास. रांगतं पोर त्याच भुकटीत खेळतं.

आमच्या ओळखीच्या एका अक्कांनी मला एकदा विचारलं, "सर, तुमच्या फादरना विचारून सांगा की. ह्या विड्या ओढून माणसं खोकून खोकून मरतात. मला पाप लागतंय का ओ?"

हा प्रश्न मोठमोठ्या धर्मपंडितांनी हाताळलेला आहे. 18 व्या शतकातल्या संत अल्फॉन्सस लिगोरींनी यावर सविस्तर लिहिलं. दुसऱ्याच्या वाईट कामाला आपला हात लागला, तर आधी बघायचं की त्या वाईटाला आपली मनातून संमती आहे का. असेल, तर दोष आलाच. नसेल, तर आपला हात त्या वाईटाच्या किती जवळ आहे, आणि तो लावण्यामागचं कारण किती गंभीर आहे, हे तोलायचं. अक्कांना कुणाचा जीव घ्यायचा नाही. ओढणारा त्यांच्या सुपापासून कितीतरी हात लांब आहे. आणि कारण म्हणाल तर घरातली चूल. यंत्रमागावर काम करणारा नवरा दम्यानं घरी बसलाय, दुसरं काम हाताला नाही. मी त्यांना सांगितलं, अक्का, तुम्ही निवांत झोपा. फादरनीही नंतर तेच सांगितलं.

पण तोच काटा हातात घेऊन वर वर चढत गेलं की पारडं जड होत जातं. मालकाला धंदा बदलायची ताकद आहे. सरकारला पर्यायी काम उभं करायची ताकद आहे. ज्याच्याकडे निवड जास्त, त्याचा जाब मोठा. खुद्द व्हॅटिकन यातून सुटलेलं नव्हतं. तिथे कर्मचाऱ्यांना सवलतीत सिगारेटी विकल्या जायच्या आणि त्यातून चांगलं उत्पन्न यायचं. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 2018 पासून ती विक्री बंद करायचा निर्णय दिला. ज्यानं लोकांचे जीव जातात तो नफा वैध ठरू शकत नाही, अशी भूमिका तेव्हा व्हॅटिकननं जाहीरपणे मांडली. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण उत्पन्न स्वतःचं होतं.

आता मजुरी. "तिनं कबूल केलंय ना त्या दराला, मग तक्रार कसली?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात याचं उत्तर देऊन ठेवलंय. मालक-मजुरानं दर ठरवावा, पण साध्या राहणीच्या मजुराचं पोट भरेल इतकी मजुरी मिळणं हा त्या करारापेक्षा वरचा न्याय आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीनं त्यानं कमी दर घेतला, तर तो जुलमाचा बळी आहे. गिरण्या बंद पडलेल्या या शहरात किती जणांनी गरजेपोटी मान हलवली असेल! 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं तेव्हा याच परिपत्रकाची आठवण दिली आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात श्रमाची प्रतिष्ठा राखायची आहे असं सांगितलं. सात रस्त्याला पाठीवर पिशवी घेऊन ऑर्डरची वाट बघत उभी असलेली पोरं बघा. त्यांचा दर कोण ठरवतं, ते त्यांनाही माहीत नसतं.

1981 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्सेर्सेन्स'मध्ये अप्रत्यक्ष मालक ही कल्पना मांडली. पगार हातात देणारा एकटाच मालक नसतो. ज्या धोरणांमुळे, ज्या व्यवस्थेमुळे तो दर ठरतो, तीही जबाबदार असते. मी तर म्हणेन, स्वस्तात हवं म्हणून अडून बसणारे आपणही त्यात आलो.

आणि म्हणून माझा मुद्दा विडी कारखानदारांपाशी थांबत नाही. आपल्या कॅथलिक घरांत धुणंभांडी करणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी आहे का? आजारी पडल्या तर खाडा धरतो का? ज्यांची दुकानं, वर्कशॉप आहेत त्यांनी कामगारांचा पीएफ भरलाय का? 1971 च्या बिशपांच्या सभेनं म्हटलं होतं की न्यायाबद्दल बोलायचं धाडस करणाऱ्यानं आधी लोकांच्या नजरेत न्यायी असलं पाहिजे. ते वाक्य चर्चनं स्वतःलाच उद्देशून लिहिलं होतं.

पॅरिश काउन्सिलच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या सल्लागार मंडळाच्या, पुढच्या बैठकीसाठी मी एक अर्ज लिहिलाय. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रत्येक कुटुंबानं आपल्याकडे काम करणाऱ्यांचा पगार, सुट्ट्या आणि थकबाकी यांचा हिशेब घालावा, आणि ज्यांचं देणं आहे त्यांचं ईस्टरच्या आधी चुकतं करावं, एवढीच मागणी आहे. सही करायची असेल त्यांनी रविवारी मिस्सानंतर भेटा.